पन्नास, साठ की सत्तर सीसी? वाई–पाचगणी भागातील एका टोळीच्या चेनसॉ निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात राहणाऱ्या दोन भावांचे आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांची नावे आणि गाव वगळले असून त्यांना येथे थोरले आणि धाकटे असेच म्हटले आहे. दोघांची मिळून सात माणसांची टोळी आहे. बांधावरच्या वाळलेल्या बाभळी, घरावर झुकलेले जुने आंबे, विजेच्या तारांत शिरलेल्या फांद्या आणि पसरणीचा घाट चढून गेल्यावर पाचगणीतील बंगल्यांच्या व शाळांच्या आवारांतील उंच सिल्व्हर ओक, हे त्यांचे नेहमीचे काम. माझा व्यवसाय लहान इंजिनांच्या दुरुस्तीचा आहे. मी यंत्रे विकत नाही, त्यामुळे कोणते यंत्र घ्यावे हे सांगताना माझा त्यात विक्रेत्याचा स्वार्थ नव्हता, हे आधीच नोंदवतो.

या कामाचे एक वैशिष्ट्य निवडीवर परिणाम करणारे आहे. खासगी जमिनीतील अनुसूचित झाडांनाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो, आणि महाबळेश्वर–पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे. परवानगीला वेळ लागतो, आणि ती एकदा हातात आली की मालकाला झाड लगेच उतरवून हवे असते. अशा दिवशी यंत्र बंद पडले तर टोळीची मजुरी, टेम्पोचे भाडे आणि मालकाचा विश्वास असे तिन्ही एकदम जातात.

अडचण

टोळीकडे दोन चेनसॉ, म्हणजे साखळीने लाकूड कापणारी पेट्रोलवरची यंत्रे, होती. एक नामांकित कंपनीचे जुने ४५ सीसीचे, आणि दुसरे दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले, ज्याच्या आवरणावर ५८ सीसी असे छापलेले होते. मोठे यंत्र असूनही ते ओंडक्यात दबते, अशी थोरल्यांची तक्रार होती. एका रविवारी त्याचा सिलिंडर उघडून व्हर्नियरने मोजला, तेव्हा आतला व्यास ४५.२ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ३४ मिलिमीटर भरली. हिशेब केल्यावर इंजिन सुमारे ५४.५ सीसीचे निघाले. थोरले ते आकडे बराच वेळ बघत राहिले.

तक्रार एवढ्यावर थांबत नव्हती. दुपारपर्यंत त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत, आणि थंडीत पाचगणीला सकाळी काम करताना दोन बोटे पांढरी पडत. हे कंपनाचे लक्षण आहे आणि ते अंगावर काढण्यासारखे नाही. युरोपीय नियमांत हाताला बसणाऱ्या कंपनासाठी आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही उपाय सुरू करण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवलेली आहे. या यंत्राच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडाच नव्हता, आणि हँडल व इंजिन यांच्यामधले रबर कडक होऊन चिरलेले होते.

त्याच महिन्यात एका आडव्या पाडलेल्या आंब्याच्या फांद्या काढताना बारच्या, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग मागे दडलेल्या फांदीला टेकला. यंत्र उसळून धाकट्यांच्या खांद्याकडे आले. चेन ब्रेकचा पट्टा झिजलेला असल्याने साखळी थांबली नाही. खांद्यावरचा शर्ट वीतभर फाटला, कातडीला धक्का लागला नाही. तो शर्ट त्यांनी मला दाखवायला आणला होता. कापडाच्या कडा कात्रीने कापाव्यात तशा सरळ होत्या.

आणि मग ४५ सीसीचे यंत्रही बसले. पाचगणी सुमारे १,२९० मीटर उंचीवर आहे, वाई त्याहून साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली. उंचीवर हवा विरळ असल्याने कार्बोरेटरमध्ये होणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त होते, इंजिन धूर करते आणि ओढ कमी होते. म्हणून धाकटे वर गेल्यावर कार्बोरेटरचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी करत. त्या दिवशी खाली आल्यावर तो परत सोडायचा राहिला. वाईच्या दाट हवेत तेच मिश्रण फार पातळ ठरले, इंजिन तापले आणि पिस्टनवर उभे ओरखडे पडले. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, त्यामुळे पेट्रोल कमी झाले की ऑइलही कमी होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याही हातून ही चूक होते.

आलेला प्रश्न आणि कागदावरचे आकडे

दोघे भाऊ माझ्याकडे आले ते ठरवूनच. “सत्तर सीसीचं कुठलं घ्यावं तेवढं सांगा,” असे थोरले म्हणाले. धाकटे थोडे मागे उभे होते. “दादा, दिवसभर ते धरायचं मला आहे,” एवढेच ते बोलले.

आम्ही बसून माहितीपत्रकांतले आकडे काढले. यातील सर्व वजने बार, साखळी आणि इंधन सोडून असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. स्टिल आणि हुस्कवर्ना या चेनसॉ बनवणाऱ्या दोन कंपन्या. स्टिल एमएस २५० हे ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट आणि ४.६ किलोचे यंत्र आहे; ते शेतकरी वर्गातले, म्हणजे तुलनेचा पाया म्हणून घेतले. व्यावसायिक वर्गात एमएस २६१ हे ५०.२ सीसी, ३.० किलोवॅट, ४.९ किलो, हुस्कवर्ना ५५० एक्सपी मार्क २ हे ५०.१ सीसी, ३.० किलोवॅट, ५.३ किलो, एमएस ३६२ हे ५९ सीसी, ३.५ किलोवॅट, ५.६ किलो, एमएस ४०० हे ६६.८ सीसी, ४.० किलोवॅट, ५.८ किलो, एमएस ४६२ हे ७२.२ सीसी, ४.४ किलोवॅट, ६.० किलो, आणि हुस्कवर्ना ५७२ एक्सपी हे ७०.६ सीसी, ४.३ किलोवॅट, ६.६ किलो.

एका किलोवॅटमागे किती किलो उचलावे लागतात, हा हिशेब मांडला की एमएस २५० चा आकडा २.० येतो, एमएस २६१ चा १.६३, ५५० चा १.७७, एमएस ३६२ चा १.६, मॅग्नेशियमचा पिस्टन असलेल्या एमएस ४०० चा १.४५, ५७२ चा १.५३ आणि एमएस ४६२ चा १.३६. आकडा जितका लहान तितके यंत्र वजनाच्या मानाने ताकदवान. थोरल्यांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले, कारण कागद त्यांच्याच बाजूने बोलत होता.

या गुणोत्तरातच एक गोम आहे. हँडल, टाक्या, ब्रेक आणि आवरण यांचे वजन इंजिनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे एकाच कंपनीची यंत्रे शेजारी ठेवली तर हे गुणोत्तर मोठ्या यंत्राकडे झुकते. केवळ त्यावर विसंबले तर प्रत्येकाने सर्वांत मोठेच यंत्र घ्यावे असे उत्तर निघेल. पन्नास सीसीची दोन यंत्रे एकमेकांशी तोलायला ते उपयोगी आहे. पन्नास घ्यावे की सत्तर, हे त्याने ठरवू नये असे माझे ठाम मत आहे. शिवाय माणसाचा खांदा गुणोत्तर उचलत नाही, पूर्ण किलो उचलतो.

वही आणि काटा

मी खरेदी आठवडाभर थांबवायला सांगितली. थोरल्यांची मुलगी बारावीत होती आणि सुट्टी चालू होती; तिने सहा दिवस कामावर येऊन मोबाइलच्या घड्याळावर वेळ टिपली. यंत्र किती वेळ बुंध्यात, किती वेळ फांद्यांत आणि किती वेळ ओंडक्यांचे तुकडे करण्यात चालले, असे तीन रकाने तिने वहीत आखले होते. सहाव्या दिवशी बेरीज केली तेव्हा यंत्र चालू असण्याच्या दर दहा मिनिटांपैकी जेमतेम एक मिनिट झाड पाडण्यात गेले होते, सहा मिनिटे फांद्यांत आणि उरलेला वेळ तुकडे करण्यात. दोघांनाही हे खरे वाटेना. झाड पडण्याचा क्षण मोठा असतो, सगळे त्याकडे बघत असतात, म्हणून तोच कामाचा मोठा भाग आहे असे वाटत राहते.

पुढचा टप्पा वजनाचा. एका वखारवाल्यांनी त्यांचे साठ सीसीचे व्यावसायिक यंत्र एका दिवसासाठी दिले आणि पन्नास सीसीचे यंत्र विक्रेत्याने दाखवण्यासाठी आणले. बार आणि साखळी चढवून, पेट्रोल आणि साखळीच्या ऑइलच्या टाक्या काठोकाठ भरून, हळदीची पोती तोलायच्या लटकत्या काट्याला ती अडकवली. पन्नासचे ६.६ किलो भरले आणि साठचे ७.७. सत्तर सीसीचे मिळाले नव्हते, पण लांब बार आणि मोठी टाकी धरून ते सव्वाआठ किलोच्या आसपास जाईल असा अंदाज केला. माहितीपत्रकात एकाच कंपनीच्या पन्नास आणि सत्तर यांत सव्वा किलोच्या आसपास दिसणारा फरक हातात दीड किलोच्या वर गेला, कारण मोठ्या यंत्राबरोबर बार, साखळी आणि इंधनही मोठे होते.

मग ४० सेंटिमीटर व्यासाचा सिल्व्हर ओकचा ओंडका घोडीवर ठेवून काप घेतले. त्यांचे ५८ छापलेले यंत्र, सकाळी कामावर होते त्याच साखळीने, ३५ सेकंदांत आरपार गेले. पिस्टन बदलून तयार झालेल्या जुन्या ४५ सीसीच्या यंत्रावर मी स्वतः धार लावलेली साखळी चढवली. त्याला २७ सेकंद लागले. येथे थोरल्यांनी काप पुन्हा घ्यायला लावला. दुसऱ्या वेळीही तसेच झाले. भुशाकडे पाहिले तर कारण समोर होते: एका ढिगात पिठासारखी बारीक पूड, दुसऱ्यात नखाएवढ्या कपच्या. बोथट दात लाकूड कापत नाहीत, घासतात, आणि मग माणूस यंत्रावर जोर टाकतो, बोटांना कंपन जास्त बसते, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

नव्या यंत्रांपैकी पन्नासने तोच काप १९ सेकंदांत घेतला आणि साठने १६. तीन सेकंदांचा फरक. दिवसाला असे शंभर मोठे काप धरले तरी पाच मिनिटे वाचतात, आणि त्या पाच मिनिटांसाठी बाकीचा सगळा दिवस एक किलोहून अधिक ओझे हातात राहते. मनगटाएवढ्या फांदीत तर दोन्हींत फरक कळतच नव्हता.

बाभळीने मात्र दुसरी बाजू दाखवली. जिचे लाकूड आपल्याकडे औताला आणि गाडीच्या चाकाला वापरत आले, त्या वाळलेल्या बाभळीच्या साठ सेंटिमीटरच्या बुंध्यात पन्नासचे यंत्र पूर्ण बार बुडाल्यावर दमले. जोर देताच आवाज खाली येई. साठचे यंत्र लांब बार लावूनही चालत राहिले. म्हणजे थोरल्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, ते त्यांच्या कामाच्या एका लहान भागाबद्दल खरे होते.

विचारात घेतलेले पर्याय

एकच सत्तर सीसीचे यंत्र घेणे हा पहिला पर्याय वहीनंतर आपोआप मागे पडला. साठची दोन घेणे सोयीचे होते, कारण सुटे भाग, साखळ्या आणि कानस सगळे एकच राहिले असते. पण फांद्यांचे काम करणाऱ्याच्या हातात ७.७ किलो कायम राहिले असते. पन्नासची दोन घेऊन मोठ्या बुंध्यासाठी वखारवाल्यांचे यंत्र भाड्याने आणणे हा पर्याय मला सर्वांत पसंत होता. थोरल्यांना तो पटला नाही. परवानगीच्या दिवशी दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहायचे नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या धंद्याचा अनुभव पाहता ती शंका रास्त होती. उरला एक पन्नास आणि एक साठ हा पर्याय.

कार्बोरेटरचा प्रश्न वेगळा होता. काही व्यावसायिक यंत्रांत मिश्रण इंजिन स्वतः जुळवून घेते. स्टिलमध्ये त्याला एम-ट्रॉनिक आणि हुस्कवर्नात ऑटोट्यून म्हणतात. घाटाच्या वर-खाली फिरणाऱ्या टोळीसाठी याहून उपयोगी सोय नाही. उलट बाजू अशी की बिघाड झाला तर स्क्रू फिरवून भागत नाही, तपासणीची साधने असलेला मेकॅनिक लागतो. उंचीवर दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद घटते, ती मात्र कोणताही कार्बोरेटर परत आणू शकत नाही, हेही त्यांना सांगितले. तो हवेचाच गुण आहे.

घेतलेला निर्णय

पन्नास सीसीचे यंत्र स्वतः मिश्रण जुळवणारे घेतले, कारण पाचगणीला तेच जास्त जाणार होते. साठ सीसीचे साध्या कार्बोरेटरचे घेतले, कारण मोठ्या बाभळी, चिंचा आणि आंबे बहुतेक खालीच असतात, आणि ते रस्त्यात अडले तर मला किंवा गावातल्या मेकॅनिकला उघडता येते. कंपनीची निवड जिल्ह्यात सुटे भाग कोणाचे लवकर मिळतात यावर झाली. साखळ्या दोन्हींसाठी गोलसर कोपऱ्याच्या दातांच्या घेतल्या. चौकोनी कोपऱ्याचे दात स्वच्छ लाकडात वेगाने कापतात, पण रस्त्याकडेच्या झाडांच्या सालीत धूळ असते आणि खोडात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, तिथे ती धार लगेच जाते.

जळके काळे ऑइल साखळीला घालणे त्या दिवसापासून बंद झाले. त्यात धातूचा चुरा असतो आणि तो ऑइल पंप व बार दोन्ही खातो. पेट्रोलमध्ये ऑइल पन्नासास एक, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर, मोजपात्राने घालायचे ठरले; आतापर्यंत ते झाकणाच्या अंदाजाने चालत होते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते आणि ते ओलावा धरते, म्हणून मिश्रण आठवडाभर पुरेल इतकेच करायचे, असाही नियम केला.

हेल्मेट, जाळी आणि कानांचे संरक्षण लगेच घेतले. कापण्यापासून वाचवणारी संरक्षक विजार मात्र “उन्हाळ्यात कोण घालणार” म्हणून पुढच्या हंगामावर ढकलली. मी त्या दिवशी जितका आग्रह धरायला हवा होता तितका धरला नाही.

पहिला हंगाम

पहिल्या महिन्यातच गडबड झाली. पन्नासचे यंत्र एकाएकी कापेनासे झाले, बार एका बाजूला वळू लागला, आणि नवे यंत्र खराब निघाले अशी थोरल्यांची समजूत झाली. त्यांनी ते माझ्याकडे आणले तेव्हा इंजिन पूर्ण निरोगी होते. साखळीच्या दाताकडे भिंगातून पाहिले. आतला वळणदार गळ, जो लाकडात रुततो, तो सपाट झालेला होता. पन्नासच्या यंत्रावर ०.३२५ इंच मापाची साखळी होती, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. साठच्या यंत्रावर तीन अष्टमांश इंचाची साखळी होती, तिला ५.२ ची. टोळीतल्या एका गड्याने पेटीत हाताला लागली ती जाड कानस महिनाभर दोन्हींना वापरली होती. दोन मापांच्या साखळ्या घेऊन ही चूक मीच त्यांच्या पेटीत ठेवली, असे मला आजही वाटते. एकच माप दोन्ही यंत्रांना बसेल असे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारे दातेरी चाक, आणि बार मिळू शकतात का, हे खरेदीपूर्वी विचारायला हवे होते. त्यानंतर कानसांच्या मुठी रंगवल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि त्याच रंगाचा ठिपका यंत्रांच्या आवरणावर दिला. पुन्हा तसे झाले नाही.

धार लावण्याची जबाबदारी धाकट्यांनी स्वतःकडे घेतली. इंधन भरायच्या प्रत्येक वेळी प्रत्येक दाताला दोन-तीन हात कानस फिरवायची, दाताला वाट बघायला लावायची नाही, अशी त्यांनी सवय लावली. दर काही धारांनंतर दात किती खोल रुतेल हे ठरवणारी दातापुढची खुंटी मापपट्टीने तपासून ०.६५ मिलिमीटरवर आणणे त्यांना जमायला वेळ लागला. एकदा ती जास्त घासली गेली आणि यंत्र इतके हिसके देऊ लागले की ती साखळी काढूनच ठेवावी लागली.

हंगामअखेर वहीत पुन्हा बेरीज केली. साठचे यंत्र बहुतेक दिवस टेम्पोतच राहिले होते. पण ज्या दिवशी ते उतरले, त्या दिवशी त्याच्याशिवाय काम झाले नसते. एका जुन्या चिंचेसाठी तर सकाळपासून दुपारपर्यंत तेच चालले. थोरल्यांच्या बोटांच्या मुंग्या कमी झाल्या, पांढरी पडण्याचा त्रास पूर्ण गेला नाही. त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितले आणि आता थंडीच्या सकाळी यंत्र धाकटे धरतात.

वेगळे काय करता आले असते

वही खरेदीच्या आठवडाभर आधी नव्हे, वर्षभर आधी सुरू व्हायला हवी होती. उन्हाळ्यातील सहा दिवसांत पावसाळ्यात पडलेल्या झाडांचे काम दिसत नाही, आणि ते काम मोठ्या बुंध्यांचे असते. भाड्याच्या पर्यायावर मी वखारवाल्यांशी लेखी बोलणे करून द्यायला हवे होते, म्हणजे थोरल्यांची शंका खरी की नुसती भीती, हे तपासता आले असते. आणि विजारीचे पैसे यंत्राच्याच हिशेबात धरायला हवे होते, वेगळी वस्तू म्हणून नव्हे. पुढे त्या घेतल्या गेल्या, तेही टोळीतल्या गड्याच्या बुटाच्या नाकाला साखळी लागून चामडे चिरल्यावर.

जुने ५४.५ सीसीचे यंत्र त्यांनी विकले नाही. नवा चेन ब्रेक पट्टा आणि रबरे घालून ते ठेवले आहे. जमिनीलगतचे खुंट आणि मातीतली मुळे तोडायची असतील तेव्हा, जिथे कोणत्याही साखळीची धार अर्ध्या तासात जाणार आहे, तिथे झिजलेल्या साखळ्या चढवून तेच नेतात. आवरणावरचा ५८ चा आकडा धाकट्यांनी पॉलिश पेपरने घासून काढला आणि त्या जागी रंगाने खरा आकडा लिहिला.